कै. दादासाहेब मावळंकर व रायफल संघ

नेमबाजीचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घरीं मावळंकर हें नांव ठाऊक असतें. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढण्यापूर्वीं नव्या नेमबाजास ज्या अखिल भारतीय स्पर्धेंत आपली योग्यता दाखवावी लागते, ती याच नांवानें ओळखली जाते. दिल्लीस संसद भवनापासून जवळच एक सभागृह आहे, त्यासहि हेंच नांव दिलेलें आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांस हे दोन निरनिराळे गृहस्थ असावे असें वाटतें. एक कोणी बंदूकबहाद्दर, दुसरा कोणी कायदेपंडित. वस्तुतः गृहस्थ एकच. आणि चमत्कार असा कीं, ते महात्मा गांधींचे अनुयायी असून सत्याग्रहापायीं एकंदर सुमारें सहा वर्षें तुरुंगांत राहिलेले होते. अशा पुरुषानें देशांतील रायफलधाऱ्यांच्या संघाचें पहिलें अध्यक्षपद कां स्वीकारलें असावें, हा प्रश्न त्यांचें चरित्र वाचतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म ता. २७ नोव्हेंबर १८८८ रोजीं बडोदें येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतलें. रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वर तालुक्यामध्यें मावळंगे म्हणून गांव आहे, त्यावरून हें आडनांव पडलें. आरंभींचें शिक्षण राजापूर व इतर ठिकाणीं झालें आणि १९०२ सालीं पुढील शिक्षणाकरितां ते अहमदाबादेस गेले. तेथील गुजरात कॉलेजांतून १९०८ मध्यें शास्त्र विषय घेऊन ते बी. ए. झाले, त्याच कॉलेजांत एक वर्ष दक्षिणा फेलो होते, नंतर मुंबईस सरकारी लॉ स्कूलमध्यें शिकून १९१२ सालीं कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गांत उतरले आणि १९१३ पासून अहमदाबादेस वकिली करूं लागले. त्या शहरानें त्यांना आपलें मानलें व त्यांनींहि त्या शहराला. पुढें लोक त्यांना दादासाहेब म्हणूं लागले.

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा लोहमार्ग मिरा रोड व भाईंदर हीं स्थानकें मागें टाकून खाडीवरील पुलावरून वसईकडे जातो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. विद्यार्थी, वकील आणि पुढें मुंबई विधानसभेचे सभापति या तिन्ही नात्यांनीं दादासाहेबांना याच वाटेनें ये-जा करावी लागली. आज मिरा-भाईंदरमध्यें एकाच जिन्यावर मराठी व गुजराती कुटुंबें शेजारीं राहतात, मुलें दोन्ही भाषा बोलतात. मराठी घरांत जन्मून गुजरातेची सेवा करणारा आणि आपल्या तुरुंगांतील आठवणी गुजराती भाषेंत लिहिणारा हा पुरुष त्या मुलांना तरी परका वाटूं नये.

वकिलीबरोबर लोकसेवेचीं कामें आलीं. १९१६ सालीं ते गुजरात सभेचे मानद चिटणीस झाले. ही सभा प्रथम अर्जविनंत्या करणारी सौम्य संस्था होती. परंतु गांधीजी तिचे अध्यक्ष झाले आणि १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांतील बुडालेल्या पिकावरील साऱ्याचा प्रश्न तिनें हातीं घेतला. शेतकऱ्यांनीं सारा देऊं नये अशी ती प्रसिद्ध चळवळ होती. मावळंकरांचें राजकीय शिक्षण तेथें झालें. १९१९ पासून अहमदाबादच्या नगरपालिकेंत ते निवडून येत गेले व दोन वेळां तिचे अध्यक्ष झाले. १९२१ पासून कांहीं काळ गुजरात प्रांतिक काँग्रेस कमिटीचे ते चिटणीस होते. शिक्षणसंस्था चालविणें व दुष्काळांत पैसा जमवून त्याचा पैनपै हिशेब ठेवणें यांत त्यांचीं वर्षें गेलीं. हिशेबाच्या वह्या कोणी चरित्रांत सांगत नाहीं. पण दादासाहेबांची ख्याति मोठ्या भाषणांपेक्षां अशा चोख कामांवर अधिक उभी होती, असें म्हणतां येईल.

खेडा जिल्ह्याविषयीं एक गोष्ट मात्र थांबून सांगितली पाहिजे, कारण पुढील कथेशीं तिचा संबंध आहे. साराबंदीची चळवळ संपतांच, त्याच वर्षीं आणि त्याच जिल्ह्यांत, गांधीजी व वल्लभभाई पटेल सैन्यांत भरती व्हा असें सांगत गांवोगांव हिंडले. पहिलें महायुद्ध चालूं होतें. ज्या शेतकऱ्यांनीं काल गांधीजींस डोक्यावर घेतलें होतें, त्यांनीं आज बैलगाड्याहि देण्याचें नाकारलें. अहिंसेचा पुरस्कर्ता सैनिक मागतो, ही संगति त्यांना लागेना. गांधीजींचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, ज्याला शस्त्र धरतांच येत नाहीं त्यानें शस्त्र खालीं ठेवलें यांत कसलीहि थोरवी नाहीं; आणि हिंदी लोकांस निःशस्त्र करणारा कायदा हें इंग्रजी राज्याचें एक मोठें पाप आहे. हें मत सर्वांस पटलें नाहीं, आजहि पटेल असें नाहीं. परंतु मावळंकर ज्या मंडळींत वाढले, त्या मंडळींत हा वाद झडून गेलेला होता, एवढें ध्यानांत ठेवावें.

तो निःशस्त्र करणारा कायदा म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा. परवान्यावांचून हत्यार बाळगणें त्यानें गुन्हा ठरविलें. याचें मूळ १८५७ मध्यें आहे, आणि तेथें गोष्ट बंदुकीपेक्षां काडतुसाची अधिक आहे. त्या सुमारास आलेल्या एन्फील्ड रायफलींत नळीच्या आंत वळसे घेत जाणारे चर होते. गोळी त्या चरांत घट्ट बसली तर ती भोंवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि दूरवर सरळ जाते. परंतु घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून आंत लोटावयाची तर तिला वंगण पाहिजे. म्हणून कागदी काडतुसाला चरबी लावीत आणि शिपायानें तें काडतूस दांतांनीं फाडावें असा शिरस्ता होता. चरबी कोणाची, या संशयानें काय घडलें तें इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलें आहे. मार्चच्या अखेरीस बराकपूर, मेच्या १० तारखेस मीरत. आणि याच दोन महिन्यांच्या दरम्यान, एप्रिल १८५७ मध्यें, इंग्लंडांत हाइथ येथें याच एन्फील्ड रायफलीची मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांच्या नव्या रायफलीशीं कसोटी चालली होती. व्हिटवर्थची नळी षट्कोनी, पीळ अधिक जलद, गोळी बारीक व लांब. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फुटांवर पडल्या, तर व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आंत. तरी लष्करानें ती घेतली नाहीं. ती महाग होती, दारूच्या काजळीनें तिची बारीक नळी लवकर तुंबे असा आक्षेप होता, आणि तिची खास गोळी दुसऱ्या कोणत्याहि बंदुकींत चालण्याजोगी नव्हती. पुढें १८६० च्या २ जुलैस विम्बल्डनच्या माळावर इंग्लंडच्या रायफल संघाची पहिली स्पर्धा भरली, तिचा आरंभ राणी व्हिक्टोरियानें याच रायफलीनें केला. रायफल लोखंडी बैठकीवर जखडलेली होती. राणीनें नुसती रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी लागली. दूर पल्ल्याच्या स्पर्धांची परंपरा तेथून चालूं झाली.

विम्बल्डनच्या माळावर साधे कारकून व दुकानदार स्वयंसेवक म्हणून ८००, ९०० व १००० यार्डांवर नेम धरीत होते, त्याच काळांत हिंदुस्थानांतील कारकुनाला व दुकानदाराला घरांत बंदूक ठेवण्याची बंदी आली. एवढेंच नव्हे, तर कोणत्या मापाचें काडतूस कोणास मिळावें याचाहि बारीक विचार सरकारनें केला. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचें माप ·४५० इंचाचें होतें. बंडखोरांच्या हातीं अशा रायफली होत्या आणि शिकाऱ्यांचें सामान त्यांच्या कामीं येईल या भीतीनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या मापाच्या खासगी रायफली आणण्यास मनाई झाली. विलायतेंतील बंदूककारांनीं लागलीच ·४६५, ·४७० अशीं नवीं मापें काढलीं. लष्कराचें मार्टिनी-हेन्रीनंतरचें माप ·३०३ चें, ज्याला आपण थ्री-नॉट-थ्री म्हणतों. तेंहि खासगी इसमांस बंद. शिकाऱ्याकरितां ·३१५ ची निराळी रायफल आली. फरक फक्त १२ सहस्रांश इंचाचा दिसतो. परंतु काडतूसच निराळें असल्यामुळें लष्करी कोठारांतून चोरलेला माल तिच्यांत शिरत नसे व चालत नसे. सामान्यतः कारागीर दोन वस्तु एकमेकींस जुळाव्या म्हणून मापें ठरवितो. येथें त्या जुळूं नयेत म्हणून ठरविलीं गेलीं. धारावीच्या किल्ल्याजवळ, आपल्या उत्तनकडील चौक गांवीं उभें राहून वसईकडे पाहणाऱ्यास जुन्या तोफा आठवतील. त्यांनाहि प्रत्येकीस आपल्याच मापाचा गोळा लागे. पण ती अडचण कारागिराची होती, ही राज्यकर्त्याची युक्ति होती.

अशा देशांत मावळंकरांची उमेद गेली. मध्यंतरीं कांहीं काळ ते स्वराज्य पक्षाकडे गेले, परंतु १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत परत गांधीजींच्या झेंड्याखालीं आले व तुरुंगांत गेले. नंतरच्या चळवळींतहि तोच क्रम. १९४२ ते १९४४ या शेवटच्या तुरुंगवासांत त्यांचा संबंध राजकीय कैद्यांपेक्षां निराळ्या लोकांशीं आला. खून, दरोडे यांकरितां शिक्षा भोगणारे हे लोक. वकिलानें अशील ऐकावा तसें दादासाहेबांनीं त्यांचें ऐकलें, त्यांच्यांतील कित्येकांस मार्गावर आणण्याचा यत्न केला आणि त्यांच्या कथा मानवतानां झरणां या नांवाच्या गुजराती पुस्तकांत लिहिल्या. ज्यांनीं प्रत्यक्ष हातांनीं माणूस मारला होता त्यांच्याशीं इतका जवळून परिचय झालेला दुसरा कोणताहि रायफल संघाचा अध्यक्ष जगांत झाला असेल असें मला वाटत नाहीं. शस्त्राचें काय करावें, याविषयीं पुस्तकी मत बाळगणारांपैकीं ते नव्हते.

दरम्यान त्यांच्या आयुष्याचें मुख्य कार्य चालूं झालेलें होतें. १९३७ सालीं मुंबई प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां विधानसभेचे सभापति म्हणून ते निवडले गेले व १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्या वर्षीं जानेवारींत दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठीं सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ते उभे राहिले. सर कावसजींच्या मागें सरकारी सभासदांचें बळ होतें. मावळंकरांस ६६ मतें पडलीं, प्रतिस्पर्ध्यास ६३. तीन मतांनीं हा सामना जिंकला गेला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं तें कायदेमंडळ संपलें. राज्यघटना तयार करणाऱ्या सभेनेंच कायदे करण्याचें कामहि कसें चालवावें, हें ठरविण्यासाठीं नेमलेल्या समितीचे प्रमुख तेच होते. आणि नोव्हेंबर १९४७ मध्यें त्या सभेच्या कायदेमंडळ शाखेचे सभापतिहि तेच झाले. १९५० पासून हंगामी संसद, आणि १५ मे १९५२ रोजीं पहिली लोकसभा. या खेपेस त्यांच्याविरुद्ध शंकर शांताराम मोरे उभे होते. ३९४ विरुद्ध ५५ मतांनीं मावळंकर निवडून आले. स्वतंत्र भारताच्या लोकसभेच्या पहिल्या सभापतिपदासाठीं दोन मराठी आडनांवें समोरासमोर आलीं, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत राहिलेली नाहीं.

सभापति या नात्यानें त्यांनीं काय केलें तें सविस्तर सांगावयाचें तर निराळा लेख लागेल. प्रश्नोत्तरांची शिस्त त्यांनीं बसविली, सरकारच्या खर्चाच्या अंदाजांची छाननी करणारी समिति १९५० मध्यें उभी राहिली, मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेलीं आश्वासनें पाळलीं जातात कीं नाहीं हें पाहणारी समिति १९५३ मध्यें आली. त्यांतील एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. सभागृह भरलेलें नसतांना वटहुकूम काढून कारभार करण्याची संवय सरकारला लागूं नये म्हणून त्यांनीं पंतप्रधान नेहरूंस १९५० मध्यें व पुन्हां १९५४ मध्यें पत्रें लिहिलीं. पंतप्रधान त्यांच्याच पक्षाचे, देशाचे सर्वांत लोकप्रिय पुढारी; तरी नियमाची रेघ ओलांडली जात आहे असें वाटतांच सभापतींनीं तें स्पष्ट कळविलें.

आतां रायफल संघाकडे वळूं. भारताचा राष्ट्रीय रायफल संघ १९५१ सालीं स्थापन झाला आणि दादासाहेब त्याचे संस्थापक व पहिले अध्यक्ष झाले. तेव्हां ते हंगामी संसदेचे सभापति होते व वय ६२ वर्षांचें होतें. स्वराज्य येऊन चार वर्षें झालीं तरी १८७८ चा कायदा अजून चालूंच होता. बंदुकीशीं परिचय होता तो सैनिकांचा, पोलिसांचा, संस्थानिकांचा आणि शिकाऱ्यांचा. सामान्य घरांतील मुलानें रायफल हातीं घ्यावी, शिस्तीनें शिकावी आणि कोणासहि इजा न करतां तिच्यांत प्रावीण्य मिळवावें, याला मार्गच नव्हता. ज्या राज्यानें प्रजेवर अविश्वास दाखविला त्याच्या जागीं प्रजेचें राज्य आलें. तेव्हां तो अविश्वासहि जावयास पाहिजे, असा विचार या संघाच्या मुळाशीं असावा असें मला वाटतें. खेडा जिल्ह्यांतील १९१८ चा वाद येथें आठवतो. ज्याला शस्त्र चालवितां येतें आणि जो तें आवरून धरतो, त्याचीच अहिंसा खरी, हा त्या वादांतील एक पक्ष होता. दुसरा पक्षहि कांहीं टाकाऊ नाहीं. बंदूक शिकविली कीं कोणी तरी तिचा दुरुपयोग करणारच, ही धास्ती खोटी कशी म्हणावी? गांधीजींचा खून होऊन तीनच वर्षें झालीं होतीं, आणि तो पिस्तुलानेंच झाला होता. मावळंकरांनीं तें दुःख जवळून पाहिलें होतें. गांधी स्मारक निधीच्या कामांतहि त्यांचा प्रमुख भाग होता. एवढें असूनहि त्यांनीं हें अध्यक्षपद घेतलें, यावरून त्यांचा निर्णय उथळ नव्हता एवढें तरी खास.

त्यांच्यासारख्या नियमप्रिय माणसास या खेळांत आवडण्याजोगें पुष्कळ होतें. नेमबाजीच्या मैदानावर एका अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय कोणी काडतूस भरीत नाहीं. थांबा म्हटलें कीं सर्वांनीं थांबावयाचें आणि रायफलीचा खटका उघडा ठेवून ती रिकामी असल्याचें दाखवावयाचें. मोठा अधिकारी असो कीं शाळेंतला पोरगा असो, या नियमास अपवाद नाहीं. आणि दूर पल्ल्याच्या जुन्या लष्करी-रायफल स्पर्धांत एक फार सुंदर नियम असे : काडतुसें स्पर्धकानें आणावयाचीं नाहींत, मैदानावर सर्वांस सारखींच वांटलीं जावयाचीं.

हा नियम कां लागतो तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. काडतूस नळींत शिरलें म्हणजे तें त्या रायफलीस जुळलें, असें नाहीं. थ्री-नॉट-थ्रीचेंच उदाहरण घ्या. प्रथम तिची गोळी बोथट तोंडाची व २१५ ग्रेन वजनाची होती. १९१० सालीं टोंकदार, १७४ ग्रेनांची गोळी आली. तिला सातवा मार्क म्हणत. दोन्ही काडतुसें एकाच रायफलींत बसत, दोन्ही उडत. परंतु नवी गोळी सेकंदास सुमारें २४४० फूट वेगानें निघे आणि जुनी बरीच हळू. त्यामुळें जुन्या गोळीसाठीं खुणा केलेल्या माशीवरून नवी गोळी उडविली तर ती भलतीकडेच जाई. म्हणून रायफलींच्या माशा बदलाव्या लागल्या. १००० यार्ड जाईपर्यंत ती वेगवान गोळीसुद्धां नळीच्या सरळ रेषेपासून ४० फुटांहून अधिक खालीं येते. तेव्हां १००० यार्डांवर नेम धरणारा मनुष्य वस्तुतः लक्ष्याच्या पुष्कळ वर नळी रोखीत असतो, आणि किती वर हें त्याला त्याच्या काडतुसावरून ठरवावें लागतें. उन्हांत तापलेलें काडतूस अधिक जोरानें उडतें व गोळी वर लागते. सांवलींत ठेवलेलें त्याहून खालीं. आपल्या उन्हाळ्यांत ही गोष्ट विलायतेपेक्षां अधिक जाणवणार हें उघड आहे. अशा स्थितींत एकाकडे एका कारखान्याचें व दुसऱ्याकडे दुसऱ्या कारखान्याचें काडतूस असेल, तर जिंकलें कोण, माणूस कीं काडतूस?

पुण्याजवळ खडकी येथें १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तेथें हीं काडतुसें लक्षावधि तयार होत. बुडाशीं के. एफ. अशीं इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं असत, त्यांचा अर्थ खडकीचा कारखाना. अशा काडतुसाचें पितळी कवच एखाद्या जुन्या घरांत लेखण्या ठेवावयास वापरलेलें दिसतें. ज्यांच्या आजोबांनीं सैन्यांत नोकरी केली असेल त्यांनीं घरीं शोधून पाहावें. मात्र गोळी व दारू आंत शाबूत असलेलें काडतूस सांपडल्यास त्यास हात न लावतां वडिलांकरवीं पोलिसांस कळवावें.

आतां स्पर्धा बहुतेक बारीक ·२२ च्या रायफलीनें ५० मीटरांवर किंवा हवेच्या दाबाच्या रायफलीनें १० मीटरांवर होतात. अंतर कमी झालें म्हणून काम सोपें झालें असें समजूं नये. ५० मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०·४ मिलिमीटरांचें, म्हणजे एखाद्या शर्टाच्या बटणाएवढें असतें. तेथेंहि जुना प्रश्न सुटलेला नाहीं. एकाच कारखान्याच्या, एकाच नांवाच्या पण निरनिराळ्या दिवशीं बनलेल्या काडतुसांपैकीं कोणता गट आपल्या नळीस मानवतो, हें मोठे नेमबाज रायफल जखडून, गोळ्यांमागून गोळ्या उडवून पाहतात, आणि जो गट एकाच भोकांत गोळ्या टाकतो तो सांठवून ठेवतात. त्याच कारखान्याच्या दोन नळ्यांना दोन निराळे गट मानवतात. याचें पूर्ण कारण अजून कोणा शास्त्रज्ञानें समाधानकारक सांगितलेलें माझ्या वाचनांत नाहीं.

संघ स्थापन झाला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९५२ मध्यें, हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत भारताचे नेमबाज प्रथम उतरले. यश लगेच आलें नाहीं. आपल्या प्रांतापुरतें सांगावयाचें तर २००० सालीं सिडनी येथें अंजली भागवत यांनीं अंतिम फेरी गांठली, २०१० सालीं म्युनिक येथें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, आणि २०२४ सालीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटरांच्या रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. यांपैकीं कोणीहि संस्थानिकांच्या घरांतले नव्हते. १९५१ पूर्वींच्या भारतांत अशा घरांतील मुलांच्या हातीं स्पर्धेची रायफल येणें जवळ जवळ अशक्य होतें.

दादासाहेबांस हें पाहावयास मिळालें नाहीं. त्यांच्या सभापतिपदाचीं शेवटचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १८ डिसेंबर १९५४ रोजीं त्यांना पदावरून दूर करावें असा ठराव विरोधी सभासदांनीं लोकसभेंत आणला. स्वतःविषयींचा ठराव असल्यामुळें ते खुर्चीवर बसले नाहींत. उपसभापति अनंतशयनम् अय्यंगार यांनीं काम चालविलें. ठराव नापास झाला. पक्षपाताचा आरोप ज्यांनीं केला त्यांना बोलण्यास पुरेसा अवकाश मिळाला, याचें श्रेय ज्या नियमांस आहे त्यांपैकीं पुष्कळ त्यांच्याच हातचे होते.

१९५६ च्या आरंभीं त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते अहमदाबादेस परतले आणि ता. २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं वयाच्या ६८ व्या वर्षीं तेथेंच निवर्तले. त्यांची लोकसभेंतील जागा रिकामी झाली, तीवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई त्याच वर्षीं बिनविरोध निवडून आल्या. रायफल संघाचें काम पुढें चालूं राहिलें व त्यांच्या नांवाची स्पर्धा देशांतील नव्या नेमबाजांची पहिली मोठी परीक्षा झाली. लॉर्ड लिटनचा कायदा १९५९ सालीं रद्द होऊन त्याच्या जागीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें केलेला शस्त्रांचा कायदा आला. परवान्याचे नियम बदलले, कारणें बदललीं. मात्र थ्री-नॉट-थ्रीचें लष्करी काडतूस सामान्य नागरिकास या नव्या कायद्याखालींहि बंदच राहिलें.